फोटोत सगळे हवेत

सुट्टीत शहर बघायला गेलेल्या कुटुंबाने दीड-दोन तासांसाठी फोटोग्राफर ठरवायचा, त्याने बरोबर चालत राहायचं आणि कुणी मुद्दाम उभं न राहता, बोलता-चालताना, खाता-पिताना फोटो निघायचे. पॅरिस-इस्तंबूलला ही पद्धत केव्हाच रुळली. मुंबईतही लग्नाची आणि प्री-वेडिंगची कामं करणारे काही फोटोग्राफर आता असं काम घेतात. येत्या डिसेंबरात आमचं घर मुंबईत एकत्र जमणार आहे आणि असा फोटोग्राफर ठरवायचा का, यावर सांगलीच्या मावशीशी माझं बरंच बोलणं झालं. ती सत्तरीची, बँकेतून निवृत्त झालेली. फोटोग्राफर हवा असं म्हणणारी ती, आणि नको म्हणणारी मी. लोकांना उलटं वाटेल, म्हणून आधीच सांगून टाकते.

मावशी : नऊ जण असणार आपण. तू, तुझे आईबाबा, मी, काका, आमचा सुहास टोरांटोहून, त्याची रश्मी आणि दोन्ही पोरं. असे नऊच्या नऊ पुन्हा कधी एका गावात असू, सांग बघू.

मी : म्हणून तर म्हणते, त्यात दहावा कशाला? सगळ्यांच्या हातात चांगल्या कॅमेऱ्याचा फोन आहे.

मावशी : फोन ज्याच्या हातात, तो फोटोत नसतो. आपल्या घरात हे आजचं नाही. थांब, अल्बम काढते.

हा अल्बम मी लहानपणापासून पाहत आले आहे, पण त्या दिवशी तिने एका फोटोवर बोट ठेवलं आणि मी पहिल्यांदा नीट पाहिला. सत्तरच्या दशकातली मुंबईची सहल. आजी, मावशी, माझी आई आणि मामा गेटवेसमोर ओळीने उभे. फोटो अण्णांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी काढलेला. त्यांच्याकडे अ‍ॅग्फा क्लिक थ्री होता. एका रोलमध्ये बारा फोटो, त्यामुळे एकेक जपून काढायचा. तेव्हाचा नियम असा, की ऊन फोटो काढणाऱ्याच्या पाठीवर हवं. म्हणून चौघांचेही डोळे बारीक झालेले आहेत, आणि खालच्या बाजूला, आजीच्या चपलांपर्यंत, एक लांब सावली आलेली आहे. दोन्ही कोपरं बाहेर काढून डोळ्याला कॅमेरा लावलेल्या माणसाची.

मावशी : त्या अख्ख्या सहलीत अण्णांचा फोटो म्हणजे एवढाच.

मी : पण मावशी, तेव्हा सेल्फी नव्हता.

मावशी : सेल्फीत नऊ माणसं बसव बरं. ज्याचा हात लांब त्याचं तोंड परातीएवढं, आणि कडेला उभी असते ती मी. मी प्रत्येक वेळी पसरट दिसते.

ती म्हणते ते खरं आहे. फोनची समोरची लेन्स बरीच रुंद कोनाची असते. जवळचं मोठं आणि कडेचं ताणलेलं दिसणं हा तिचा गुणधर्मच. चांगला फोटोग्राफर माणसांचे चेहरे टिपताना मागे सरकतो, लांब लेन्स वापरतो, त्यामुळे नाक नाकाएवढंच दिसतं आणि समोरच्या माणसाला आपल्या तोंडासमोर कुणी काही धरलंय असं वाटत नाही. हे सगळं मला ठाऊक होतं. माझा मुद्दा वेगळा होता.

मी : मग गेटवेवरच्या फोटोवाल्यांकडून काढून घेऊ. हातात नमुन्याचे फोटो घेऊन उभे असतात, पाठीवरच्या बॅगेत प्रिंटर असतो, काही मिनिटांत कागदावरचा फोटो हातात. तुझ्या वेळीही होतेच की ते.

मावशी : होते. पत्ता लिहून घ्यायचे आणि फोटो पोस्टाने यायचा. आमचा आलाही होता. त्यांच्याबद्दल मी एक शब्द वाईट बोलणार नाही. पण ते उभं करून काढतात. मला उभं राहिलेला फोटो नकोय.

मी : मला मात्र तोच खरा वाटतो. माणसं ठरवून नीट उभी राहतात, पदर सारखा करतात, भांग बघतात आणि सांगतात, की आम्ही अमुक दिवशी इथे आलो होतो. यात लपवाछपवी काही नाही. खोटा फोटो कुठला? जिथे फोटोग्राफर सांगतो, 'माझ्याकडे बघू नका, एकमेकांकडे बघून हसा', आणि नवराबायको कारण नसताना हसतात. 'आता इकडून तिकडे चालत या. परत एकदा. आता मुलाला उचलून घ्या.' आणि याला म्हणायचं नकळत काढलेला फोटो!

रितेश बत्रा यांचा 'फोटोग्राफ' हा 2019 चा चित्रपट गेटवेवरच्या अशाच एका फोटोवाल्याचा आहे. नवाझुद्दीन सिद्दिकीने ते काम केलं आहे. तो पाहिल्यापासून मला त्या चौकात या लोकांकडे नुसतं ओझरतं बघता येत नाही. गेटवेचं उद्घाटन 1924 चं, आणि अण्णांच्या फोटोत मागे दिसणारा शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा 1961 चा. या सगळ्यासमोर लाखो घरांनी आयुष्यातला मुंबईचा एकुलता एक फोटो काढून घेतला, तो या लोकांकडून. प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आला तेव्हा त्यांच्या पोटावर पाय आला. तरी ते उभे आहेत. माझे पैसे त्यांना मिळावेत असं मला मनापासून वाटतं आणि ते मी मावशीला सांगितलं.

मावशी : देऊ की. त्यांचाही एक काढून घेऊ, कागदावर, नऊ जणांचा. त्याने माझा प्रश्न सुटत नाही. तू म्हणतेस ते हसण्याचं सोंग मीही पाहिलंय. पण ते पहिल्या अर्ध्या तासाचं असतं. माझ्या बँकेतल्या मैत्रिणीने नातवंडांबरोबरच्या सहलीत फोटोग्राफर घेतला होता. तिच्याकडचे फोटो मी पाहिले. पहिले दहा-बारा तू म्हणतेस तसेच, सगळे कॅलेंडरावर छापायला निघाल्यासारखे. नंतर एक आहे. नातवाच्या सँडलचा पट्टा निघालाय. आजोबा वाकून तो लावतायत, आणि ती मागे उभी राहून त्यांचा शर्ट मुठीत धरून आहे. त्यांचा तोल जातो हल्ली, म्हणून. बघतेय मात्र भलतीकडेच. तिला स्वतःला आठवत नव्हतं आपण असा शर्ट धरला होता ते. फोटो बघून नवऱ्याला म्हणाली, मी रोजच धरते वाटतं.

मी : हा फोटो त्यांच्यापैकीच कुणी काढला असता तर?

मावशी : कुणी काढला नसता. घरच्या माणसाला ते दिसतच नाही, रोजचंच असतं ना. आणि दिसलंच, तर तो फोन टाकून आजोबांना धरायला धावेल. धावायलाच हवं. म्हणून तिथे असा माणूस हवा, ज्याचं कामच बघत राहण्याचं आहे.

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. घरच्या माणसाने मदतीला धावावं आणि परक्या माणसाने पाहावं, ही वाटणी योग्य आहे. पण परका माणूस काय पाहतो आणि काय सोडून देतो, यावर सगळं अवलंबून राहतं. होमाई व्यारावाला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या आणि पुढे देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून ओळखल्या गेल्या. नेहरूंसारख्या सतत लोकांत असलेल्या माणसाचे सहज क्षण त्यांनी टिपले, कारण त्या गर्दीत वावरायच्या पण गर्दीला त्रास द्यायच्या नाहीत. 1970 मध्ये त्यांनी हे काम थांबवलं. नव्याने येणाऱ्या छायाचित्रकारांचं वागणं त्यांना पटत नव्हतं. कॅमेरा चालवता येण्याइतकंच वागता येणं त्यांना महत्त्वाचं वाटत होतं, असा याचा अर्थ मी घेते. मावशीचं म्हणणं यावर सरळ होतं : मग वागता येणारा शोध.

मी : दुसरी गोष्ट सांगते. अमेरिकेत लिंडा हेंकेल नावाच्या मानसशास्त्रज्ञ आहेत. त्यांनी लोकांना संग्रहालयात फिरवलं. काही वस्तूंचे फोटो काढायला सांगितले, काही नुसत्या बघायला. 2014 मध्ये त्यांचा निबंध आला. ज्या वस्तूंचे पूर्ण फोटो काढले, त्या लोकांना कमी आठवल्या. कॅमेऱ्यावर भार टाकला, की मन सुटी घेतं.

मावशी : म्हणजे माझीच बाजू झाली की! ज्याच्या हातात फोन तो विसरतो. मग फोन आपल्या हातात नकोच, दुसऱ्याच्या हातात असू दे.

मी : थांब, पुढचं ऐक. 2017 च्या दुसऱ्या एका अभ्यासात थोडं वेगळं दिसलं. आपल्या मनाने हवे ते फोटो काढणाऱ्यांना पाहिलेलं जास्त लक्षात राहिलं, कारण फोटो काढायचा म्हणून ते नीट बघत होते. मात्र त्यांना ऐकलेलं कमी आठवलं. म्हणजे फोटो दुसऱ्यावर सोपवलास, तर तुझं बघणं कमी होईल.

मावशी : होऊ दे. मुंबई मी पाहिलीय. मला ऐकायचंय. सुहासची तन्वी आता तेरा वर्षांची झाली, धाकटा सहाचा. फोनवर दोन वाक्यं मराठीत बोलतात आणि पळतात. समोरासमोर किती बोलतात, काय बोलतात, कुठला शब्द अडतो, ते मला ऐकायचंय. त्या वेळी माझ्या हातात काही नको, आणि सुहासच्या हातात तर मुळीच नको.

आमच्या बोलण्यातलं हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं. फोटोग्राफर नेमण्याचं कारण बहुतेक जण 'फोटो छान येतात' असं सांगतात. मावशीचं कारण असं, की तेवढ्या वेळात घरातल्या कुणालाच फोटो काढावा लागत नाही. तासाचे काही हजार रुपये द्यायचे ते यासाठी असतील, तर ते मला पटतं. सुहासची सवय मला माहीत आहे. तो आईशी बोलता बोलता फोन वर करतो आणि 'एक मिनिट, आई' म्हणतो. त्या मिनिटात आईचं वाक्य तुटतं, ते तुटलेलंच राहतं.

तरी माझी मुख्य हरकत शिल्लक होती.

मी : फोटो जाणार कुठे? फोटोग्राफर दुसऱ्या दिवशी त्याच्या पेजवर टाकणार. त्याला पुढची कामं त्यावरच मिळतात, त्याचंही चूक नाही. पण तन्वीला फोटो आवडत नाहीत. मागच्या वेळी ती कॅमेरा दिसला की हूडी तोंडावर ओढायची. तिला नकळत टिपायचं आणि जगाला दाखवायचं? काढलेले फोटो लोकांना दाखवायचे आहेत हे डोक्यात असलं, की त्या क्षणातली मजा कमी होते, असाही अभ्यास आहे. मला तर ते अभ्यासाशिवायही दिसतं.

मावशी : पोरीला विचारल्याशिवाय काही नाही. पण फोटो आपले ना? पैसे आपण देणार.

इथे मला थोडं वाचावं लागलं, आणि जे कळलं ते अशा भानगडीत पडणाऱ्या प्रत्येक घराला उपयोगी आहे. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 प्रमाणे, मोबदला देऊन सांगून काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक हा काढून घेणारा असतो. मात्र वेगळा करार नसेल तरच. म्हणजे मेसेजवर पाठवलेल्या अटींच्या लांबलचक यादीत 'हक्क आमच्याकडे' असं एखादं वाक्य असेल आणि आपण न वाचता होकार दिला, तर मालकी गेली. सुहास वेगळंच समजून होता, कारण कॅनडात 2012 मध्ये कायदा बदलला आणि तिथे आता फोटो काढणाराच पहिला मालक असतो. एकाच घरातली माणसं दोन देशांचे नियम डोक्यात घेऊन फिरतात, तेव्हा हे आधी बोललेलं बरं. कायदा काहीही असो, 'आमचे फोटो कुठेही टाकायचे नाहीत' हे एक वाक्य आगाऊ रक्कम देण्याआधी लिहून घ्यावं. बहुतेक वेळा काम तेवढ्यानेच होतं.

मावशी : झालं तुझं समाधान?

मी : आपल्यापुरतं झालं. मागच्या माणसांचं काय? मुंबईत फोटो काढणारे कुठे नेतात माहिती आहे? पहाटे ससून डॉकला. तिथे कोळणी कोलंबी सोलत बसलेल्या असतात, आणि यांच्या फोटोत त्या नुसत्या रंगापुरत्या येतात. गिरगावात खोताच्या वाडीत नेतात. लाकडी जिने, नक्षीचे कठडे. पण त्या जिन्यावरून माणसं कामाला जातात, त्या खिडकीत कुणी आजारी झोपलेलं असतं. आपल्या सुट्टीसाठी दुसऱ्याचं दार कशाला अडवायचं?

मावशी : ते मला विचार. मी गिरगावातच राहायचे, मुलींच्या वसतिगृहात, बँकेच्या पहिल्या नोकरीत. दारात कुणी कॅमेरा घेऊन उभा राहिला असता तर मी बादली ओतली असती.

आणि मग ती एकदम म्हणाली, की मग आपण गिरगावातच का जाऊ नये, पण रस्त्यावरून, चालत. फणसवाडीत विनय हेल्थ होममध्ये मिसळ खायची, जिथे ती पहिल्या पगारात मैत्रिणींना घेऊन गेली होती. तिथून ठाकुरद्वारच्या गल्ल्यांमधून चालत चौपाटीकडे. बँकेची जुनी शाखा असलेली इमारत शिल्लक आहे का ते बघायचं. नातवंडांना सांगायचं, मी इथे बस पकडायचे.

इथपर्यंत आल्यावर माझा विरोध पातळ झाला, हे मी मान्य करते. माझा राग खरं तर फोटोग्राफरवर नव्हता. सगळ्यांना त्याच चार जागी उभं करणाऱ्या नकाशावर होता : सीएसएमटीसमोरचा चौक, एशियाटिकच्या पायऱ्या, काळा घोड्याची रंगवलेली भिंत, मरीन ड्राइव्हचा कठडा. जागा सुंदर आहेत, पण तिथे काढलेल्या फोटोंत कुटुंब कुठलंही चालतं. शिवाय स्टेशनच्या आत व्यावसायिक फोटोसाठी रेल्वेची परवानगी लागते, आणि गेटवेजवळ ट्रायपॉड उघडला की पोलीस विचारायला येतात. ओळखीच्या गल्लीत यातलं काही नाही. आणि आपली मावशी जिथे तरुण होती त्या गल्लीत ती चालताना जी दिसेल, ती पायऱ्यांवर दिसणार नाही.

उजेडाचंही गणित बसतं. गेटवेचं तोंड पूर्वेला, समुद्राकडे. सकाळी ताजच्या बाजूने फोटो काढला तर सूर्य समोरून येतो आणि माणसं काळी पडतात, तिथे दुपारनंतर जावं. मरीन ड्राइव्ह पश्चिमेला, त्यामुळे सकाळी ऊन इमारतींच्या आड अडतं आणि कठड्यावर बराच वेळ मऊ सावली राहते. अण्णांच्या वेळचा पाठीवरच्या उन्हाचा नियम कमी वेगाच्या फिल्मसाठी आणि साध्या कॅमेऱ्यासाठी होता. आजच्या कॅमेऱ्याला सावली पुरते, आणि सावलीत कुणाला डोळे बारीक करावे लागत नाहीत. म्हणून रविवारी सकाळी, आधी मिसळ, मग चालणं, शेवटी समुद्र.

समुद्राबद्दल एक अट मी घातली आणि ती चर्चेला ठेवली नाही. कठड्याच्या पलीकडे, दगडांवर कुणी उतरायचं नाही, फोटोग्राफर कितीही म्हणाला तरी. जानेवारी 2016 मध्ये वांद्र्याच्या बँडस्टँडवर सेल्फी काढताना मुली पाण्यात पडल्या. एक मुलगी गेली आणि वाचवायला उडी घेणारा माणूसही गेला. त्यानंतर पोलिसांनी मुंबईत सेल्फीबंदीच्या जागा ठरवल्या.

मग आम्ही मिळून फोटोग्राफरला पाठवायचा मजकूर लिहायला बसलो. दीड तास. नऊ माणसं, त्यातली एक मुलगी हो म्हणाली तरच फोटोत. चेहरे गुळगुळीत करायचे नाहीत, हे मावशीचं. निवडलेले फोटो पन्नासच असले तरी चालतील, शेकडो नकोत, हे माझं. घरच्यांशिवाय कुणाला दाखवायचे नाहीत. वाटेतल्या माणसांना विचारल्याशिवाय टिपायचं नाही. कुणाला हसायला सांगायचं नाही.

मी : आणि पहिला अर्धा तास कॅमेरा बॅगेत ठेवा. आमच्याबरोबर मिसळ खा, मग सुरू करा.

मावशी : हे मात्र चूक. मिसळ त्याने खावीच, पण कॅमेरा पहिल्यापासून गळ्यात असू दे. बॅगेतून मधेच बाहेर काढला की सगळे ताठ होतील, सुहासचे बाबा आधी. पहिल्यापासून दिसत राहिला तर विसरतील.

मी ते वाक्य खोडलं आणि तिचं घातलं. वर तिने आणखी एक ओळ सांगितली, की सगळ्यात जास्त फोटो रश्मीचे काढा, कारण तिच्याकडे मुलांचे हजारो फोटो आहेत आणि त्यात ती नाही. मेसेज अजून पाठवलेला नाही. आधी तन्वीला विचारायचं आहे, आणि ते मावशी स्वतः विचारणार आहे, मराठीत.